आट्याची खालची बाजू

"दाखवा, परत एकदा दाखवा!" म्हणत मिस्त्री दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत ताडकन उठून बसले. छातीवरचा कागदी रुमाल घसरून मांडीवर आला आणि थुंकी ओढणारी नळी तोंडातून निसटून फुरफुरत लोंबकळायला लागली.

समोरच्या पडद्यावर त्यांच्याच खालच्या जबड्याचा एक्सरे होता. धुक्यासारखं करडं हाड आणि त्यात उभे रोवलेले तीन पांढरेशुभ्र स्क्रू.

"काका, आधी आडवे व्हा बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"होतो हो आडवा. पण हे बघा ना, आटे उघडे पडलेत! डावीकडच्याचे एक, दोन, तीन... चार आटे. मधल्याचेही चार. आणि हा उजवीकडचा तर..." मिस्त्रींनी चुकचुक केलं. "हा जेमतेम टेकलाय. लेथवर असा जॉब मी एक मिनिट ठेवला नसता."

डॉक्टरबाई बघतच राहिल्या. अकरा वर्षांत त्यांनी शेकडो लोकांना असे एक्सरे दाखवले होते. लोक विचारायचे, दुखेल का, किती दिवस लागतील, खायला कधी मिळेल. स्क्रूचे आटे मोजणारा माणूस पहिल्यांदाच खुर्चीत आला होता.

"तुम्ही काम काय करायचात?"

"टर्नर. अडतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात लेथवर. शाफ्ट, बुश, स्टड. आटे म्हणाल तर आजवर कोटभर पाडले असतील."

बोलताना त्यांनी हात असा फिरवला, की जणू समोर यंत्राचं चाकच आहे. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. आता हा माणूस तासभर थांबत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हे तीन स्क्रू मिस्त्रींच्या जबड्यात आले ते लेथमुळेच. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना घडवायला धरलेला एक जॉब चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, उसळला आणि थेट हनुवटीवर येऊन आदळला. खालचे समोरचे पाच दात गेले. मग मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे या दवाखान्याच्या मालकांनी, हाडात टायटॅनियमचे तीन स्क्रू बसवले आणि त्यांच्यावर पाच दातांचा एक पूल चढवला. आठ वर्षं मिस्त्री त्या पुलावर खूश होते. सफरचंद करकरून खायचे आणि खाऊन झालं की बायकोला सांगायचे, "बघ, लोखंडाला कुठली कीड लागतेय!"

कीड लागली नाही हे खरंच. पण गेल्या सहा महिन्यांत हिरडीतून रक्त यायला लागलं, मग पू. डॉक्टरबाईंनी कारण सांगितलं. दात खोटा असला तरी त्याच्याभोवतीची हिरडी खरी असते, हाड खरं असतं. स्क्रूवर जंतूंचा चिकट थर बसतो. तो वेळच्या वेळी निघाला नाही की हिरडी सुजते आणि आतलं हाड विरघळायला लागतं.

"तुम्ही पुलाच्या खालून साफ करत होतात ना? तो बारीक ब्रश दिला होता तो?"

मिस्त्री छताकडे बघायला लागले.

"सांगा की आता," बायको म्हणाली. "डॉक्टर, यांनी अडतीस वर्षं मशीन पुसल्याशिवाय कारखान्याबाहेर पाऊल टाकलं नाही. सणवार, लग्नकार्य, काहीही असो. आणि तो तुमचा ब्रश? त्या ब्रशने यांनी शिलाई मशीनला तेल घातलं!"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. पण ते फार टिकलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी एक्सरे बघून सकाळीच निकाल दिला होता: तिन्ही काढा, कवळी द्या, विषय संपवा. हाड इतकं झिजल्यावर नवे स्क्रू बसणार नव्हते. डॉक्टरबाईंना मात्र वाटत होतं, की हिरडी उघडून स्क्रूचा पृष्ठभाग नीट साफ केला, तर निदान दोन तरी वाचतील. "तुझ्या जिद्दीपायी पेशंटला दोनदा कापू नकोस," असं मोठे डॉक्टर त्यांना सर्वांदेखत बोलले होते.

"साफ करणार म्हणजे कशाने?" मिस्त्रींनी विचारलं.

बाईंनी ट्रे पुढे ओढला. टायटॅनियमच्या तारांचा चिमुकला फिरता ब्रश. हवेच्या जोराने बारीक पावडर आणि पाण्याचा फवारा मारणारी, टोकाशी आगपेटीच्या काडीएवढी नळी. मिठाचं पाणी.

"पोलादी हत्यार नाही वापरत?"

"नाही. ओरखडे पडतात."

"आणि ओरखड्यात परत घाण बसते. बरोब्बर!" मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. मग भुवया आकसून ते त्या नळीकडे बघत राहिले. "बाई, राग मानू नका. तुम्ही वरून बघणार, वरून फवारा मारणार. आट्याचा वरचा उतार तुम्हाला दिसेल. खालचा कसा दिसेल?"

डॉक्टरबाईंनी ट्रे मागे सरकवला. खोटं बोलणं सोपं होतं.

"दिसत नाही," त्या म्हणाल्या. "अंदाजाने करतो."

"आणि निघालं की नाही, ते कसं कळतं?"

"तीन-चार महिन्यांनी. रक्त थांबलं तर निघालं."

"अरे बाप रे," मिस्त्री म्हणाले. तोंडावर चिंता दिसायला हवी होती. त्याऐवजी डोळे असे चमकले, की बायको स्टुलावर सावरून बसली. असे डोळे तिने निवृत्तीनंतर बघितले नव्हते. "ऑपरेशन कधी?"

"पुढच्या मंगळवारी."

"म्हणजे हातात आठ दिवस आहेत. मला एक जुना स्क्रू द्याल? कामातून गेलेला, मुदत संपलेला, कसलाही?"

बाईंनी कपाट उघडलं आणि मुदत संपलेले दोन स्क्रू काढून दिले. का दिले, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

*

मिस्त्रींचा मेहुणा छोटंसं वर्कशॉप चालवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर जातंय न जातंय तोच मिस्त्री आत हजर.

"दाजी, रिटायर झालात ना तुम्ही? ताईने घराबाहेर काढलं का?"

"तुझा छोटा लेथ मोकळा आहे?"

"मोकळा आहे, पण मालकाला विचारायला लागेल."

"मालक कोण?"

"मीच की!"

"मग विचार स्वतःला आणि बाजूला हो."

खिशातून त्यांनी स्क्रू काढला आणि भिंगाखाली धरला. चार मिलिमीटर जाडी, दहा मिलिमीटर लांबी. गव्हाच्या दाण्याहून थोडा मोठा. त्यावर इतके सुबक आटे, की मेहुणाही थट्टा विसरून वाकला.

"हे तुमच्या तोंडात आहे?"

"तीन आहेत. आणि तिघांच्या पोटात घाण बसलीय."

आठ वर्षांनी त्यांनी लेथ चालू केला, त्याच मापाचे स्क्रू पितळेत पाडायला. पहिली घरघर कानावर पडली आणि पायाच्या तळव्यातून काहीतरी सरसरत वर गेलं. पहिल्या दिवशी तीन पितळी स्क्रू वाया गेले. दुसऱ्या दिवशी पाठ धरली. तिसऱ्या दिवशी मात्र हाताला जुनी आठवण आली. टूलपासून पितळेची सोनेरी वेटोळी सुटायला लागली आणि मिस्त्री स्वतःशीच गुणगुणायला लागले. जेवणाचा डबा घेऊन आलेली बायको दारातच थबकली. हा माणूस गेली कित्येक वर्षं खुर्चीत बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालत होता. आता त्याला हाक मारली तरी ऐकू जात नव्हती.

"अहो, हे सगळं कशासाठी? डॉक्टर ते, तुम्ही टर्नर. त्यांना शिकवणार आहात का?"

मिस्त्रींनी मशीन बंद केलं. या प्रश्नामागे काय आहे ते त्यांना कळत होतं. फार पूर्वी त्यांनी कारखान्यातल्या एका इंजिनिअरला सांगितलं होतं, साहेब, या ड्रॉइंगमध्ये आटा उलटा दाखवलाय, पंप फिरला की नट सुटेल. साहेब म्हणाले होते, तुम्ही माप सांभाळा, डोकं आम्ही चालवतो. चाळीस पंप परत आले, तेव्हाही मिस्त्रींना कुणी काही विचारलं नाही. त्यानंतर तीस वर्षं त्यांनी माप सांभाळलं आणि तोंड बंद ठेवलं.

"शिकवत नाही गं," ते म्हणाले. "त्या डॉक्टरबाईने मला खरं सांगितलं. दिसत नाही म्हणाली. असं म्हणणारा साहेब मला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. मग आपण दाखवायला नको?"

बायकोने डब्याचं झाकण उघडलं आणि पुढे सरकवलं. "आधी खा. हात धुऊन."

*

शनिवारी दुपारी दवाखाना रिकामा असताना दोघं नवराबायको पोचली. मिस्त्रींनी टेबलावर फडक्यातून एक पांढरा नायलॉनचा ठोकळा काढला. ठोकळ्यात खड्डा कोरलेला, खड्ड्यात स्क्रू उभा, आणि खड्ड्याची खोली बरोबर एक्सरेत दिसत होती तेवढी. स्क्रूला फिटर लोक खुणांसाठी वापरतात तो निळा रंग फासलेला होता.

"हा माझा डावीकडचा. हे हाड, ही घाण. करा साफ. नेहमी करता तस्संच करा."

बाईंनी चष्मा चढवला, फवारा घेतला. सर्रर्र. आधी वरून, मग या बाजूने, मग त्या बाजूने. निळं पाणी वाहिलं. दोन मिनिटांत स्क्रू लखलखायला लागला.

"झालं," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी ठोकळ्यातून स्क्रू उलटा फिरवून बाहेर काढला, पालथा केला आणि भिंगाखाली धरला. मग काही न बोलता भिंग बाईंच्या हातात दिलं.

प्रत्येक आट्याचा वरचा उतार आरशासारखा होता. प्रत्येक आट्याचा खालचा उतार निळाभोर होता. एकही सुटला नव्हता.

बाई खुर्चीवर बसल्या. "अकरा वर्षं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी..."

"अंगण झाडलं, कोनाडे राहिले," मिस्त्रींची बायको चटकन म्हणाली. "सगळ्यांच्या घरी होतं, बाई. मनाला नका लावून घेऊ."

"माझ्याकडे असे बारा स्क्रू आहेत," मिस्त्री म्हणाले. "रंगाची बाटली भरलेली आहे. घ्या दुसरा."

मग जे काही सुरू झालं, त्याला दवाखान्यातलं काम म्हणावं की वर्कशॉपमधलं, हे सांगणं कठीण. दुसरा स्क्रू, तिसरा स्क्रू. आधी ब्रश मग फवारा. आधी फवारा मग ब्रश. मिस्त्री टेबलाभोवती फिरत होते.

"आटा म्हणजे गोल जिना आहे, बाई. तुम्ही गच्चीवरून पाणी ओतताय. जिन्याने जा! तळाशी उतरा आणि आट्याच्या वाटेने वर या."

"काका, हा नायलॉनचा ठोकळा आहे, जबडा नाही. तळाशी हवेचा जोर जास्त झाला तर हवा मांसात शिरेल, गाल फुग्यासारखा फुगेल. आणि या बाजूला नस आहे."

मिस्त्रींनी पुढे केलेलं बोट मागे घेतलं. लोखंडाला नस नसते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मग जोर कमी करून?"

"जोर कमी करून, नळी थोडी तिरकी धरून..." बाई आता स्वतःशीच बोलत होत्या. "आणि वरचा पूल आधी काढला तर हात खाली जाईल. आम्ही वेळ वाचवायला पूल तसाच ठेवतो."

"पूल काढाच! मशीन न उघडता कुणी गिअर धुतो का?"

पाचव्या स्क्रूला खालची बाजू अर्धी निघाली. सातव्याला पाऊण. तळाच्या दोन आट्यांत मात्र निळी रेघ हट्टाने बसून राहिली. बाईंच्या कपाळावर घाम आला. मिस्त्रींनी ट्रेमधली पट्टीच्या कापडाची गुंडाळी बघितली आणि त्यांच्या डोक्यात लख्खकन काहीतरी पेटलं.

"हे कापड तोंडात चालतं?"

"मिठाच्या पाण्यात भिजवून चालतं."

"मग याची अरुंद पट्टी काढा. लेथवर शाफ्टला पॉलिश करताना आम्ही पॉलिश पेपरची पट्टी मागून घालतो, दोन्ही टोकं धरतो आणि अशी ओढतो. इकडे, तिकडे. पट्टी आट्यात आपोआप शिरते, तिला वाट दाखवावी लागत नाही."

बाईंनी चिमट्याने पट्टी स्क्रूच्या मागून घातली. दोन टोकं दोन चिमट्यांत धरली. इकडे. तिकडे. मग पुन्हा हलका फवारा.

यावेळी स्क्रू त्यांनी स्वतः काढला. भिंगाखाली धरला. बराच वेळ बघितला.

"काका."

"बोला."

"नाहीये."

"काय नाहीये?"

"निळं! कुठेच नाहीये!" आणि अकरा वर्षं अनुभव असलेल्या त्या गंभीर बाई भिंग हातात धरून चक्क टुणकन उडाल्या. मिस्त्री टाळी द्यायला धावले. त्यांच्या बायकोने आधी कोपऱ्यात सांडलेलं निळं पाणी पुसलं आणि मग तीही टाळ्या वाजवायला लागली.

*

मंगळवारी मिस्त्री एखाद्या लग्नाला निघाल्यासारखे दाढीबिढी करून आले. बधिर करायच्या सुईलाही ते हसले. पूल निघाला, हिरडी उघडली आणि डोळ्यांवर कापड असतानाही मिस्त्रींना आवाजावरून सगळं कळत राहिलं. हा ब्रश फिरला. हा फवारा, खालून वर. ही पट्टी, इकडे, तिकडे. डावीकडचा झाला. मधला झाला. मनातल्या मनात ते एकेक आटा मोजत होते.

मग उजवीकडे आवाज थांबला.

"काका," बाईंचा आवाज बदलला होता. "हा हलतोय. मुळापर्यंत हाड राहिलेलं नाही. मी साफ करू शकते. पण..."

ढिला स्टड घासून घट्ट होत नसतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तोंड उघडं होतं, जीभ बधिर होती. मिस्त्रींनी उजवा हात वर केला आणि अंगठा व बोटाने हवेत नट उलटा फिरवावा तसा फिरवला. काढा.

तो निघताना दुखलं नाही. नुसता हलकेपणा जाणवला, आणि तोच वाईट होता.

टाके घालून झाल्यावर बाईंनी वाटीत धुऊन ठेवलेला तो स्क्रू त्यांच्यापुढे धरला. मिस्त्रींनी भिंग मागितलं. सुजलेल्या ओठांनी ते कसेबसे बोलले.

"फार सुंदर आटे आहेत. कुठल्या तरी टर्नरने मन लावून पाडलेत." थोडं थांबून त्यांनी स्क्रू वाटीत परत ठेवला. "त्याचा काही दोष नाही. दोष माझा. मशीन पुसलं आणि हे पुसलं नाही."

बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एरवी तिच्याकडे टोमणा तयार असायचा. त्या दिवशी तिने तो गिळला.

*

चौथ्या महिन्यात एक्सरे निघाला. बाईंनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावला आणि मिस्त्रींनी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "मोजा."

मिस्त्रींनी मोजले. मधल्याचे चार उघडे होते, चारच राहिले होते. डावीकडचे चार होते, आता तीन! हाड एक आटा वर चढलं होतं. बाईंनी हिरडीभोवती बारीक सळई फिरवली. रक्ताचा टिपूस नाही. दोन स्क्रूंवर आता चार दातांचा नवा पूल होता. उजव्या कोपऱ्यात एक फट राहिली होती आणि 'स' म्हणताना तिथून शीळ वाजायची. घरी आल्यावर मिस्त्रींनी शिळेसकट तीच बातमी सगळ्या शेजाऱ्यांना दोन-दोनदा सांगितली.

पुढच्याच महिन्यात बाईंनी गावातले दहा-बारा दंतवैद्य एका रविवारी दवाखान्यात बोलावले. मिस्त्रींनी त्यांच्यासाठी बारा ठोकळे कोरले. बाईंनी त्यांची ओळख करून दिली ती एका वाक्यात: "हे मला खालची बाजू दाखवणारे गुरुजी." मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. कुणीतरी त्यांना पांढरा डॉक्टरी कोट दिला. तो खांद्यावर सैल होता आणि बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

सगळ्यात पुढे मोठे डॉक्टर उभे होते. तिन्ही काढा म्हणणारे. त्यांनी ठोकळा हातात घेतला, उलटसुलट बघितला, आणि फवाऱ्याकडे हात नेला.

"थांबा, साहेब," मिस्त्री म्हणाले. शीळ वाजलीच. पण कुणी हसलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी मान वर केली.

"आधी बाह्या वर घ्या. बाह्या खाली असताना मी कुणाला कामाला हात लावू देत नाही."

आणि मिस्त्रींनी स्वतः आपल्या कोटाची बाही घेतली, एक घडी घातली, दुसरी घातली, थेट कोपराच्या वर नेली. कोपरापाशी जुन्या भाजल्याचे ठिपके होते, लेथवरचा गरम कीस उडून पडलेले.

मोठ्या डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, खिशात टाकलं, आणि बाहीचं बटण काढायला सुरुवात केली.